काळं कापड, पांढरा हलवा आणि चारशे अकरा पानं

उल्हासनगरच्या कापडबाजारात काळा रंग वर्षातून एकदाच पुढच्या रांगेत येतो. एरवी तो मागे, अस्तराच्या ताग्यांखाली असतो. मार्गशीर्षातले गुरुवार संपत आले की दुकानदार तो उपसून काढतात आणि दोन नंबर कॅम्पातल्या त्या गल्लीत लाल, गुलाबी, मोरपंखी सगळे मागे सरकतात. यंदाही सरकले. परवा सकाळी साडेअकराला तिथे पोहोचले तेव्हा लाजवंती भाभींच्या दुकानाबाहेर काळ्या कटपिसांचा ढीग गुडघ्यापर्यंत आला होता आणि चार बायका त्यात कोपरापर्यंत हात घालून उभ्या होत्या.

लाजवंती भाभी कटपीस वजनावर विकतात. घरी सिंधी, गिऱ्हाइकाशी हिंदी आणि आमच्यासारख्या जुन्या गिऱ्हाइकांशी मराठी, असा त्यांचा व्यवहार आहे. पण बोलण्याच्या भरात तिन्हींची सरमिसळ होते.

“दीदी, ब्लॅकमध्ये तीन टाइप आहे,” त्या म्हणाल्या. “एक कॉटन. एक मी कॉटन बोलून देते ते. आणि एक, ज्याच्याबद्दल मी काहीच बोलत नाय.”

“पहिलं द्या. बाळासाठी हवंय.”

“सगळे बाळासाठीच बोलतात. मग स्वतःचा ब्लाउज शिवतात.” त्यांनी ढिगाच्या तळातून एक तुकडा ओढून काढला, दोन बोटांत चुरगळून दाखवला आणि विचारलं, “मम्मी कशी आहे? वाचते का अजून?”

मम्मी म्हणजे माझ्या सासूबाई. भाभी त्यांना पंचवीसेक वर्षं ओळखतात. इतक्या वर्षांत त्यांनी नेहमी एकच प्रश्न विचारला होता, शिवते का अजून. वाचते का, हा प्रश्न तीन हिवाळ्यांपूर्वीचा. तो हंगाम आमच्या घरात सुरू झाला आणि मग बदलापुरातून उल्हासनगरच्या बाजारापर्यंत आणि अंबरनाथजवळच्या मोरिवलीपर्यंत कसा पसरला, याचा विचार मी परतीच्या रिक्षात मांडीवर काळं कापड घेऊन करत होते.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचे दिवस. या दिवसांत लहान मुलांचं बोरनहाण होतं. बाळाला काळं झबलं घालायचं, हलव्याचे दागिने चढवायचे, पाटावर बसवायचं आणि डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, हरभरे आणि हल्ली चॉकलेटं ओतायची. बाकीची मुलं ती लुटतात. सगळा सोहळा वीस मिनिटांत आटोपतो. त्या वीस मिनिटांसाठी आई, म्हणजे सासूबाई, डिसेंबरभर बसलेल्या असतात. मुकुट, हार, बाजूबंद, कंबरपट्टा, मनगट्या. पुठ्ठ्याचा आकार कापायचा, त्यावर काळं कापड ताणायचं, हलव्याचा एकेक दाणा दोऱ्याच्या फासात धरून टाचायचा, कडेने सोनेरी लेस लावायची. शेवटी मागून कोऱ्या कागदाचं अस्तर चिकटवायचं, म्हणजे गाठी बाळाच्या कपाळाला टोचत नाहीत. या अस्तराकडे कोणी बघत नाही. आई मात्र इतरांचे दागिने हातात घेतल्या घेतल्या उलटे करतात.

आमचं घर बदलापूर गावात, जुन्या वस्तीत आहे. आईंचं शिलाई मशीन गच्चीच्या दाराशी, जिथे अकरा ते चार ऊन येतं तिथे. जानेवारीत सकाळी नदीवरून धुकं चढतं आणि कपडे वाळत नाहीत, पण अकरानंतरचं ते ऊन कोमट दुधासारखं असतं. त्या उन्हात त्यांनी चाळीस वर्षं लोकांचे ब्लाउज शिवले. चौथीनंतर शाळा सुटली. माहेर मिठागरावरचं होतं, हात लवकर कामाला लागले. वाचता येत होतं, आवडतही होतं. पुस्तक समोर आलं की पहिली दहा पानं त्या वाचायच्याच. मग कुणाच्या तरी बाह्या बसवायच्या असत. पुस्तक मशीनच्या खणात जाई, खणातून पेटीत, आणि पेटीतून ते ज्याचं असेल त्याच्याकडे परत.

माझे सासरे होते तोवर यावर एक तोडगा होता. ते सगळं वाचत आणि आई मशीन चालवत असताना त्यांना गोष्ट सांगत, शेवटासकट. सासरे गेल्यावर एकदा आईंनी हिशेबाच्या सुरात सांगितलं होतं, “मला पन्नास-साठ गोष्टींचे शेवट पाठ आहेत. एकाहीपाशी मी स्वतः गेलेले नाही.”

त्या हिवाळ्यात त्यांनी ठरवलं की एका पुस्तकाच्या शेवटापर्यंत आपण आपल्या डोळ्यांनी जायचं. कुणी सांगायचं नाही, पुढचं पान चाळायचं नाही. मुदत रथसप्तमी. कारण त्यानंतर लग्नसराईचे ब्लाउज सुरू होतात आणि मग पावसाळ्यापर्यंत मान वर होत नाही. त्यांचं वय सदुसष्ट. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याला डॉक्टरांनी उन्हाळ्याची वेळ दिलेली. त्या म्हणाल्या, “यंदा नाही झालं तर होत नाही.” आवाजात खंत नव्हती. मापात कापड कमी पडतंय, हे सांगावं तसं सांगितलं.

गावातल्या ग्रंथालयातून त्यांनी स्वतः पुस्तक निवडलं. जुनी कादंबरी, बाजारात आता न मिळणारी. मी फोनवरही शोधून पाहिली, कुठे सापडली नाही. निवडीचं कारण इतकंच की पहिल्या पानावर मिठागर होतं. कृष्णा नावाची एक बाई मिठागरावर वाढते, लग्न होऊन खाडीपलीकडच्या गावात जाते, मोठा संसार करते आणि पन्नाशीत एक दिवस होडीत बसून माहेरच्या मिठागरावर येऊन राहते. ती परत जाणार की नाही, हा पुस्तकाचा प्रश्न. तो सोडवायला लेखकाने चारशे अकरा पानं घेतली होती.

“एवढी?” मी म्हटलं.

“चाळीस ब्लाउजांएवढी,” आई म्हणाल्या. “दिवसाला एक धरला तरी होतात.”

ग्रंथपाल बाईंनी पुस्तक हातात देताना बजावलं होतं की शेवटचं पान सुटं झालं आहे, जपा. आईंनी ते माझ्याकडे सोपवलं. शेवट चुकून डोळ्यांपुढे यायला नको, म्हणून.

मी ही कादंबरी कॉलेजात वाचली होती. त्यामुळे घरात शेवट माहीत असलेली एकटी मीच, आणि पुढचे पाच आठवडे मला फार सांभाळून बोलावं लागणार होतं.

शिवणकाम आणि वाचन एका दुपारीत बसवणं वरवर सोपं वाटतं. दोन्ही कामं एका जागी बसून होतात, दोन्हींना ऊन लागतं. अडचण अशी की दोन्हींना डोळे लागतात, आणि डोळ्यांची जोडी एकच. विणकाम वाचताना जमतं, साधी सुलट वीण असेल तर. क्रोशाचं गोल फिरणारं काम ऐकताना जमतं. हातशिलाईची दुमड घालताना एखादी वाचलेली गोष्ट पुन्हा मनात फिरवता येते. कापड बेतण्यासोबत काहीही जमत नाही. कात्री हातात असताना मनात दुसरं माणूस आलं की बाही गेली. ही सगळी प्रतवारी आईंनी त्या पाच आठवड्यांत प्रयोग करून काढली आणि दोन झबल्यांना दोन्ही डाव्या बाजू कापल्या. एका झबल्याच्या वेळी कृष्णाला ताप आला होता. दुसऱ्याच्या वेळी तिचा नवरा तिला न्यायला आला होता.

“आला तो आला, नेमका कात्री चालवताना,” आई म्हणाल्या आणि दोन्ही डाव्या बाजू खणात टाकल्या. त्यांचे नंतर बाहुलीचे परकर झाले.

शेवटी त्यांनी एक रीत बसवली. एक बाजूबंद पुरा, मग चार पानं. हार पुरा झाला तर आठ. मुकुटाला पूर्ण प्रकरण. पुस्तक मशीनच्या पाटावर उघडं ठेवायचं आणि पानं उडू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना दोऱ्याची रिळं. हलव्याचा डबा डाव्या हाताला, चष्मा दोन. जवळचा वाचायला, त्याहून जवळचा टाचायला. काम करताना त्यांची नजर दर मिनिटाला उजवीकडे, उघड्या पानाकडे जायची, पण त्या वाचत नसत. फक्त ते तिथे आहे ना, एवढं बघत. गॅसवर दूध ठेवून भाजी चिरणाऱ्या बाईची नजर तशी असते.

मी ठाण्याला एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते, पाळी संध्याकाळची. त्यामुळे दुपारभर घरात. वाचणं हे माझं कामच होतं, पण ते वाचणं चूक शोधण्याचं. आकडा जुळतो का, नाव बरोबर आहे का, बातमीदाराने गृहीत धरलेलं काय आहे. त्या हंगामात समोरच्या खुर्चीवर बसून मी काळ्या झबल्यांना बटणं लावत होते आणि एक बाई नुसत्या उत्सुकतेने वाचते तेव्हा कशी दिसते, ते बघत होते. ओठ किंचित हलतात. बोट ओळीखाली नसतं, पण तर्जनी मांडीवर पुढे सरकत असते. मधेच मान वर होते आणि नजर गच्चीच्या कठड्यापलीकडे जाते. तिथे कोणी नसतं. मग एक वाक्य बाहेर पडतं, आणि ते कोणाला उद्देशून आहे हे ठरवता येत नाही.

“हा लेखक मिठागरात चप्पल घालून गेलेला दिसतो.”

“का?”

“मीठ ओढताना पाय कसे फुटतात, ते नाही लिहिलं. सूर्यास्ताचं मात्र दीड पान.”

मग पुन्हा खाली मान. पुढच्या आठवड्यात लेखकाला त्यांनी माफ केलं, कारण मिठाच्या ढिगावर गवत शाकारतात हे त्याला ठाऊक होतं.

तो हंगाम आठवला की मला प्रसंगांआधी ते उजेडात चमकणारे दाणे दिसतात. काटेरी, पांढरे, काळ्या कापडावर. बोटांना चिकटणारी साखर. साखरेची बोटं पुस्तकाला लागू नयेत म्हणून आईंनी ठेवलेला ओला फडका, आणि पान उलटण्याआधी त्यात हात पुसण्याची सवय. पाहुणा कोणी आला तर त्याला वाटायचं, ही बाई पूजा करते आहे. डिसेंबर संपताना दोनशे पानं झाली. चार घरचे दागिने होऊन गेले. शेजारपाजारच्या बायका दागिने न्यायला येत आणि कृष्णाची खबर घेऊन जात. भाजीवालीने एकदा जिन्यातून हाक मारून विचारलं, “गेली का ती नवऱ्याकडं?” उल्हासनगरला सोनेरी लेस आणायला गेलो तेव्हा लाजवंती भाभींनाही अर्धी गोष्ट कळली आणि त्यांनी मत दिलं, “परत नाय जायचं. एकदा सामान बांधलं ना, खोलायचं नाय.” फाळणीनंतर इथे आलेल्या घरातल्या त्या. सामान बांधण्याबद्दल त्यांना मत असणारच. आईंनी ते ऐकून घेतलं आणि पुन्हा विषय काढला नाही. दुसऱ्याचं मतही त्यांना शेवटाइतकंच धोक्याचं वाटत होतं.

खरी घाई जानेवारीत झाली. त्या वर्षीचं बोरनहाण आमच्याच घरचं होतं. माझी नणंद प्रज्ञा मोरिवलीला राहते, कारखान्यांच्या मागच्या अंगाला. तिची मुलगी ईरा नऊ महिन्यांची झाली होती. नातीचे दागिने म्हणजे आईंच्या हाताची परीक्षाच. बाकीचे सगळे संच पुरे करून, शेवटी शांतपणे त्यांनी हा संच घेतला. प्रज्ञा रोज फोन करायची.

“आई, तुझी कृष्णा आणि माझी ईरा. आधी कोण?”

“ईरा,” आई म्हणायच्या. “पण तिचा हार झाला की आठ पानं.”

मुकुट बुधवारी पुरा झाला. मोठा, तीन टोकांचा, मधे बोराएवढा हलव्याचा फुलोरा. मागे खळीने कागदाचं अस्तर लावलं, रात्रभर वरवंट्याखाली दाबून ठेवलं, गुरुवारी माझ्या नवऱ्याने संच मोरिवलीला पोहोचवला. बोरनहाण रविवारी. शुक्रवारी दुपारी पावणेचारला, ऊन मशीनवरून उतरायच्या बेतात असताना, आईंनी चारशे दहावं पान संपवलं. कृष्णा धक्क्यावर उभी आहे, होडी येते आहे.

त्यांनी फडक्याला हात पुसले.

“दे ते पान,” त्या म्हणाल्या.

ते पान मी जपून ठेवलं होतं, न वाचताच, कारण शेवट मला माहीत होता. चुरगळू नये म्हणून सपाट जागी. घरात कागद सपाट राहील अशी जागा एकच होती, आईंचा पत्र्याचा डबा, ज्यात त्या अस्तरासाठी कोरे कागद ठेवतात. डबा उघडला. आत एक चतकोर कागद होता, आणि तो वहीचा होता. चारशे अकराव्या पानावर मजकूर फक्त पुढच्या बाजूला, तोही थोडा. मागची बाजू कोरी. डब्यात ते कोऱ्या बाजूने वर होतं. आईंनी ते मुकुटाच्या अस्तरासाठी उलटून न बघता घेतलं होतं. कोरा, जाड, जुन्या पुस्तकाचा मऊ झालेला कागद, बाळाच्या कपाळाला अगदी योग्य.

डेस्कवर कोणी असं केलं असतं तर मी त्याला बाजूला घेऊन बोलले असते. तिथे नियम आहे, मूळ कागद कामाच्या कागदांत ठेवायचा नाही.

आई डब्याकडे बघत राहिल्या. “म्हणजे मीच चिकटवलं,” त्या म्हणाल्या. “आणि किती नीट चिकटवलं.”

मी म्हटलं, “आई, मला शेवट माहीत आहे. हवं तर…”

“तू बोलू नको गो.”

प्रज्ञाला फोन केला. तिला आधी खरं वाटेना, मग ती इतकी हसली की ईरा दचकून रडायला लागली.

“मी काढू का सोलून? फोटो पाठवते.”

“मुकुटाला हात लावू नको. खळ आहे ती. ओलं केल्याशिवाय निघायचं नाही, आणि ओलं केलंस तर हलवा विरघळेल. शिवाय माझ्याआधी तू वाचशील.”

“मी कशाला वाचते? मला त्यातलं ओ की ठो माहीत नाही.”

“म्हणूनच. तू वाचशील आणि सांगत सुटशील.”

म्हणजे रविवारपर्यंत थांबणं आलं. बोरनहाण होऊ द्यायचं, मुलांना मुकुटावरचा हलवा खाऊ द्यायचा आणि मागे जे उरेल ते घ्यायचं. अर्थात उरलं तर. हलव्याच्या मुकुटाचं बोरनहाणानंतर काय होतं, हे आईंनी चाळीस वर्षं पाहिलं होतं. पाच मिनिटांत चार तुकडे.

शनिवार त्यांनी कसा काढला, ते मी बघितलं. पुस्तक पुन्हा पहिल्यापासून उघडलं आणि मिठागराचं पहिलं प्रकरण वाचलं. शिवायला काही नव्हतं. तरी सुई-दोरा हातात होता, कोपऱ्यातला बाहुलीचा परकर उसवून पुन्हा शिवत होत्या. मधेच म्हणाल्या, “होडीत दोन माणसं आहेत असं लिहिलंय. दुसरं कोण असेल?” मी बटणांचा डबा आवरत राहिले.

मोरिवलीला रविवारी कारखान्यांचा वास कमी असतो. प्रज्ञाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात बारा बायका आणि त्यांच्याहून जास्त मुलं जमली होती. ईरा काळ्या झबल्यात पाटावर बसली. कंबरपट्टा तिला आवडला, हार तिने ओढून बघितला. मुकुट डोक्यावर बांधला तेव्हा फोटोपुरती ती थांबली. आई तिच्यापासून हातभर अंतरावर, खाली मांडी घालून बसल्या होत्या. बोरं ओतायचा पहिला मान आजीचा. त्यांनी ओंजळभर बोरं अशा बेताने सोडली की एकही मुकुटाला लागलं नाही.

“आई, बाळावर ओत ना, आजूबाजूला काय ओततेस,” प्रज्ञा म्हणाली. “झाडाला पाणी घालतेय का?”

मग बाकीच्यांनी ओतलं, आणि त्यांनी हात आखडता घेतला नाही. मुलं तुटून पडली. कुणीतरी ईराच्या डोक्यावरच्या हलव्याकडे हात नेला तसा आईंनी तो मनगटाला धरून हळूच करव्यांकडे वळवला. दुसरा हात आला, तोही वळवला. आजूबाजूच्या बायकांना ही आजी नातीची दृष्ट काढते आहे असं वाटलं असावं. दोन मिनिटं त्या अशी राखण करत होत्या. त्यांनी सगळ्या मुलांचा विचार केला होता, फक्त एका मुलीचा नाही. ईराने दोन्ही हात वर नेले, मुकुट डोक्यावरून खाली ओढला आणि त्याचं एक टोक तोंडात घातलं.

“अगं अगं,” प्रज्ञा पुढे झाली.

“थांब,” आई म्हणाल्या. “चोखू दे.”

ईराला दात दोनच होते. तिने टोक चोखलं, हलवा संपला, मग मागची बाजू चोखली. लाळेने कागद भिजला. खळ मऊ झाली. एका कडेने अस्तर सुटून आलं, आणि आईंनी इतका वेळ रोखून धरलेला हात पुढे नेऊन तिच्या ओठांतून ते अलगद घेतलं. बदल्यात उसाचा करवा दिला. नऊ महिन्यांच्या मुलीला तो सौदा पटला.

मुकुट घेऊन त्या उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. मी मागे गेले. बाहेर फोटो, ओटी, तिळगूळ चालू होतं. आईंनी सिंकजवळच्या ओट्यावर मुकुट उपडा ठेवला, बोट पाण्यात बुडवून कडेकडेने फिरवत राहिल्या. उसवायची सवय असलेला हात. घाई केली तर कापड फाटतं, हे त्या हाताला माहीत. कागद हळूहळू वर आला. तीन टोकांसाठी कापताना कडा गेल्या होत्या, पण मजकूर वरच्या बाजूला होता आणि शाबूत होता. काही अक्षरं काळ्या कापडावर उलटी उमटून राहिली होती. वाचण्यापुरतं कागदावर होतं.

त्यांनी चष्मा बदलला. खिडकीकडे तोंड केलं. मी दाराशी उभी राहिले, कुणी आत येऊ नये म्हणून. फार तर अर्धा मिनिट लागावं एवढ्या मजकुराला त्यांनी चार-पाच मिनिटं घेतली. एकदा पहिल्यापासून पुन्हा वाचलं असावं, कारण मांडीऐवजी ओट्यावर असलेली तर्जनी शेवटाला जाऊन परत सुरुवातीला आली.

मग त्या वळल्या. चेहरा परीक्षेचा पेपर सोपा गेलेल्या मुलीसारखा.

“झालं,” त्या म्हणाल्या.

पाच आठवडे तोंडात धरलेलं वाक्य मला आता बोलता येणार होतं. “गेली ना शेवटी घरी? होडीत बसून?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “कोण म्हणालं तुला?”

“मी वाचलंय आई. कॉलेजात.”

“काय वाचलंस? होडी येते. त्यात नवऱ्याने पाठवलेला माणूस असतो. ही त्याच्याजवळ एक गोणी मीठ देते, घरी पोचव म्हणते. आणि स्वतः मागे फिरते.”

मी म्हटलं, नाही, ती बसते. मला धक्का आठवत होता, पाणी आठवत होतं, तिने पदर खोचून पाय उचलला तेही आठवत होतं. हे सगळं मी पंचवीस वर्षं जपलं होतं आणि पाच आठवडे तर अगदी दातांखाली दाबून ठेवलं होतं. आता वाटतं, परीक्षेच्या घाईत मी तेव्हा चारशे दहाव्या पानावर पुस्तक मिटलं असेल. होडी आली म्हणजे बाई बसणारच, असं एकोणीस वर्षांच्या मुलीने गृहीत धरलं असेल. उरलेलं तिचं तिने रचलं आणि पुढे ते वाचलेलंच समजून सांभाळलं.

“आणि मला सांगायला निघाली होतीस,” आई म्हणाल्या. त्यांना हसू आवरत नव्हतं. सदुसष्टाव्या वर्षी त्यांच्याकडे पहिल्यांदाच असं काही होतं, जे घरात दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं. बाहेरून प्रज्ञाने हाक मारली, “आई, ओटी भरायला ये ना, काय चाललंय तुमचं आत?”

“आले गो,” त्या म्हणाल्या. भिजलेलं पान त्यांनी तळहातावर सरळ केलं, एका कडेला चिकटलेला हलव्याचा दाणा नखाने काढून तोंडात टाकला आणि कागद माझ्या हातात ठेवला.

“उजेडात उभी राहून वाच,” त्या म्हणाल्या. “आणि सावकाश.”

सात ओळी होत्या. त्या मी पहिल्यांदाच वाचत होते.